सांगली-मिरज-कुपवाड महापालिका निवडणूक : शहराच्या तिजोरीतून पैसा नेमका कशावर जातो?

प्रश्न : कृष्णाकाठ_सांगली

15 जानेवारी 2026 ला आपल्याकडे मतदान झालं, 16 ला निकाल लागला. प्रभाग 20, जागा 78. आता मार्चअखेर जवळ आली की अंदाजपत्रकात "निवडणूक खर्च" म्हणून एक आकडा दिसेल आणि त्यावर कुणी काही विचारणार नाही. मला तो आकडा फोडून बघायचा आहे.

जाणकारांना चार गोष्टी विचारायच्या आहेत. हा पैसा पूर्णपणे महापालिकेचा असतो का? मोठी रक्कम कशावर जाते, मतदान यंत्रांवर, माणसांवर की मांडवांवर? चार सदस्यांचा प्रभाग असल्याने खर्च वाढतो की कमी होतो? आणि बिलं तपासायची तर कोणती कागदपत्रं मागायची? उमेदवारांच्या खर्चाबद्दल नको, फक्त शहरावर पडणाऱ्या भाराबद्दल बोला.

उत्तर : जमाखर्च_मिरज

आधी पैसा कुणाचा ते सांगतो. लोकसभेचा खर्च केंद्राचा, विधानसभेचा राज्याचा, दोन्ही निवडणुका एकदम आल्या तर निम्मा-निम्मा. महापालिकेची निवडणूक मात्र महापालिकेच्याच निधीतून होते. नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाचं (घटनेचं कलम 243ट आणि 243यक, शिवाय महापालिका अधिनियम 1949 चं कलम 14), माणसं बरीचशी महसूल खात्याची आणि शाळांची, देयक मात्र आपल्या नावावर. खर्च ठरवणारा एक आणि भरणारा दुसरा, त्यामुळे काटकसरीचा विचार करायला कुणी उरत नाही.

उमेदवाराची 9 लाखांची मर्यादा (आपली महापालिका ड वर्गात आहे) वेगळी, तिचा शहराच्या तिजोरीशी संबंध नाही. अनामत खुल्या जागेला 5,000 आणि राखीव जागेला 2,500 रुपये. पडलेल्या सगळ्यांची अनामत जप्त झाली तरी त्यातून निवडणुकीचा खर्च निघण्यासारखा नसतो.

आता मुख्य मुद्दा. खर्च उमेदवारांच्या संख्येवर हलत नाही, मतदान केंद्रांच्या संख्येवर हलतो. खाली मांडतो तो नमुना हिशेब आहे, दर मी सोयीसाठी धरलेले आहेत. प्रत्यक्ष आदेशातले दर घालून तुम्ही तोच तक्ता पुन्हा करा.

साडेचार लाख मतदार धरा, एका केंद्राला 850. म्हणजे साधारण 530 केंद्रं. प्रत्येक केंद्रावर एक केंद्राध्यक्ष, तीन मतदान अधिकारी, एक शिपाई, असे पाच. एकूण 2,650, त्यावर दहा टक्के राखीव, म्हणजे 2,900 माणसं. प्रशिक्षण आणि दोन दिवसांचं काम मिळून माणशी सरासरी 1,500 रुपये भत्ता धरला तर 43 लाख 50 हजार. दोन दिवसांचा चहा-नाश्ता-जेवण माणशी 400, म्हणजे 11 लाख 60 हजार. केंद्रावरचा मांडव, उतार (चाकाच्या खुर्चीसाठीचा रॅम्प), दिवे, पाणी, टेबल-खुर्च्या 6,000 प्रमाणे 31 लाख 80 हजार. पाच केंद्रांच्या पथकांना एक बस, म्हणजे 106 बस, दोन दिवस, दिवसाला 9,000 : 19 लाख 8 हजार. क्षेत्रीय अधिकाऱ्यांच्या 50 जीप, दोन दिवस, 3,500 प्रमाणे साडेतीन लाख. कॅमेरे आणि चित्रीकरण केंद्रामागे 4,000 : 21 लाख 20 हजार.

बेरीज 1 कोटी 30 लाख 68 हजार. केंद्रांनी भागा, एका केंद्रामागे सुमारे 24,660 रुपये. ही सहाही शीर्षं केंद्रसंख्येबरोबर वरखाली होतात. पन्नास केंद्रं वाढली की सव्वाबारा लाख वाढले, उमेदवार तीनशे असोत की सहाशे.

याखेरीज केंद्रसंख्येवर फारसा न हलणारा खर्च असतो : निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची कार्यालयं, यंत्रांची वाहतूक आणि तपासणी, सुरक्षा कक्ष (यंत्रं कुलुपात ठेवायची खोली), मतमोजणीची जागा, जाहिराती, प्रभाग नकाशे. मतदार याद्यांचा उगीच बाऊ होतो. पानावर 30 नावं धरली तर एक संच 15,000 पानांचा, आठ संच काढले तरी 1 लाख 20 हजार पानं. दोन रुपये पान लावलं तरी 2 लाख 40 हजार. यादीतला खरा खर्च छपाईचा नसतो, दुरुस्तीचा असतो. सांगली (282) आणि मिरज (281) या दोन विधानसभा याद्या फोडून 20 प्रभागांत वाटायच्या, त्यात दुबार नावं आणि चुकीच्या प्रभागात गेलेली नावं निघतात. मग हरकती, स्थळपाहणी, आणि शेवटी पुन्हा छपाई.

उत्तर : क्षेत्रीय_कुपवाड

वरचा हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून "केंद्रं कमी करा, पैसे वाचवा" असा निष्कर्ष कुणी काढू नये. पैशाबरोबर वेळेचाही हिशेब मांडावा लागतो.

मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच, म्हणजे 600 मिनिटं. 850 मतदारांच्या केंद्रावर 60 टक्के मतदान झालं तर 510 जण. एकाला मिळतात 70 सेकंद. तेच केंद्र 1,000 मतदारांचं केलं तर 600 जण, माणशी 60 सेकंद. विधानसभेला एक बटण दाबून माणूस मोकळा होतो. इथे चार जागांसाठी चार वेळा बटण दाबायचं असतं : अ पांढरा, ब फिका गुलाबी, क फिका पिवळा, ड फिका निळा. चारही मतं पडल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही, आणि वयस्कर माणसं दोन मतं देऊन बाहेर पडायला निघतात. मग केंद्राध्यक्षांनी थांबवायचं, यंत्राजवळ न जाता समजावून सांगायचं, "बाकीच्या जागांसाठी कुणालाही मत द्यायचं नसेल तर नोटा दाबा". यादीत नाव शोधणं, बोटाला शाई लावणं ही कामं यंत्रावर माणूस उभा असताना मागे चालू राहतात. खोळंबा होतो तो यंत्रापाशीच. म्हणून 1,000 चं केंद्र करून वाचलेले वीसेक लाख संध्याकाळच्या रांगेत परत जातात : साडेपाचला आवारात असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी देऊन मतदान करू द्यावंच लागतं, पथक रात्री उशिरा सुटतं, बस थांबून राहते, साहित्य जमा करायचे काउंटर मध्यरात्रीपर्यंत चालू राहतात.

वाचवायचंच असेल तर केंद्रांची संख्या नको, केंद्रांच्या जागा बघा. एकाच शाळेत सहा-सात खोल्या असतील तर मांडव एक, पाण्याची सोय एक, उतार एक, बसही एक. तीच सात केंद्रं तीन ठिकाणी विखुरली की सगळं तिप्पट. विस्तारित भागांत आणि कुपवाडच्या बाजूला पक्क्या खोल्या कमी पडल्या की मंडपातलं केंद्र उभं राहतं, आणि ते सगळ्यात महाग. बांबू-कापड, जमिनीवर फळ्या, तात्पुरती वीजजोडणी, रात्रीचा पहारा, सगळं नव्याने. केंद्रांची यादी करताना अभियंत्याने प्रत्येक जागा स्वतः पाहून तीन नोंदी कराव्यात : खोलीला दोन दारं आहेत का, चाकाची खुर्ची आत जाते का, पॉइंटला वीज येते का. ही पाहणी कागदावरच उरकली की मतदानाच्या आदल्या संध्याकाळी वायरमन आणि सुतार शोधायची वेळ येते, आणि तेव्हा दर विचारायच्या स्थितीत कुणी नसतं.

यंत्रांचं सांगतो. माघारीची मुदत 2 जानेवारी, चिन्हं 3 तारखेला, मतदान 15 ला. कोणत्या प्रभागात किती बॅलेट युनिट (मतदान यंत्राचा बटणं असलेला भाग) लागणार हे 3 तारखेपर्यंत नक्की होत नाही, कारण चारही जागांची नावं आणि प्रत्येक जागेचा नोटा मिळून बटणं मोजावी लागतात. एका प्रभागात चार नावं जास्त राहून आधीच्या युनिटवरची बटणं पुरेनाशी झाली की त्या प्रभागातल्या सगळ्या केंद्रांवर एक युनिट जास्त. मतपत्रिका चार रंगांत छापायच्या, प्रत्येक नाव तीन माणसांनी वाचायचं, आणि मग यंत्रं सज्ज करायची. इथे एक शुद्धलेखनाची चूक सुटली तर त्या प्रभागाची सगळी छपाई परत. घाईचा दर म्हणजे काय ते या आठवड्यात कळतं. व्हीव्हीपॅट (मताची छापील चिठ्ठी दाखवणारं यंत्र) या निवडणुकांत वापरलं जात नाही, त्यामुळे तो भार नाही.

कृष्णाकाठ_सांगली

दोघांचेही आभार. आता चार सदस्यांच्या प्रभागाचं समजून घ्यायचं आहे. एकाच केंद्रावर चार जागांचं मतदान उरकतं म्हणजे स्वस्त पडत असणार ना? आणि पोटनिवडणूक लागली तर?

उत्तर : जमाखर्च_मिरज

सार्वत्रिक निवडणुकीत फरक थोडाच. मतदार तेवढेच, केंद्रं जवळपास तेवढीच. एकसदस्यीय प्रभागात एकच मत असल्याने केंद्र थोडं मोठं चालतं, चौसदस्यीयमध्ये निर्णय अधिकारी कमी लागतात. इकडचं तिकडे फिटतं.

पोटनिवडणुकीत मात्र चौसदस्यीय प्रभाग शहराला महागात पडतो, आणि याची चर्चा होताना दिसत नाही. आपले 18 प्रभाग चार सदस्यांचे, 2 तीन सदस्यांचे. वरच्याच आकड्यांनी सरासरी प्रभाग 22,500 मतदारांचा, म्हणजे 26-27 केंद्रं. एका नगरसेवकाची एक जागा रिकामी झाली, निधन असो, राजीनामा असो, किंवा जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत न दिल्याने पद गेलं असो, तरी मतदान सगळ्या 27 केंद्रांवर. 27 गुणिले 24,660 म्हणजे 6 लाख 66 हजार, फक्त केंद्रांचा खर्च. एकसदस्यीय प्रभाग असता तर 5,770 मतदार, 7 केंद्रं, 1 लाख 73 हजार. चौपट फरक! त्यावर निर्णय अधिकाऱ्याचं कार्यालय, आचारसंहिता, मतमोजणी हे वेगळंच. जात वैधतेचा प्रस्ताव उमेदवारीआधीच पूर्ण कागदांसह जात पडताळणी समितीकडे गेला पाहिजे असा आग्रह मतदारांनी पक्षांकडे धरावा. तो चुकला तर भुर्दंड करदात्याला बसतो.

परदेशातलं एक उदाहरण इथे चपखल बसतं. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवण्यासाठीही सरकारी खर्चाने प्राथमिक मतदान होतं. आपल्याकडे ते काम एबी फॉर्मवर (पक्षाने दिलेल्या अधिकृत उमेदवारीच्या कागदावर) भागतं, शहराला त्याचा खर्च नाही. न्यूयॉर्कमध्ये 2013 साली लोक-वकील (पब्लिक ॲडव्होकेट, नागरिकांच्या तक्रारींचा पाठपुरावा करणारं निवडून दिलेलं पद) या एका पदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची दुसरी फेरी घ्यावी लागली. खर्च सुमारे 1 कोटी 30 लाख डॉलर, आणि त्या पदाच्या कार्यालयाचं वर्षाचं अंदाजपत्रक होतं 23 लाख डॉलरच्या आसपास. मतदान नगण्य, पण केंद्रं सगळी उघडावी लागली. पुढे 2019 मध्ये तिथल्या मतदारांनी पसंतीक्रमाची पद्धत (एकाच मतपत्रिकेवर पहिली, दुसरी, तिसरी पसंती द्यायची) मंजूर केली, शहराच्या प्राथमिक निवडणुकीत ती 2021 पासून आली आणि ती दुसरी फेरी गेली. कारण आपल्या पोटनिवडणुकीसारखंच : मतदार येवोत न येवोत, केंद्र उघडलं की खर्च पूर्ण.

उत्तर : अजिंक्य_सातारा

साताऱ्याकडून एक भर. आमच्याकडे नगरपरिषद आहे : 25 प्रभाग, 50 सदस्य आणि थेट नगराध्यक्ष, म्हणजे मतदाराची तीन मतं. मतदान 2 डिसेंबर 2025 ला झालं, मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती. पण काही ठिकाणचं मतदान 20 डिसेंबरला गेल्यामुळे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने राज्यभरातली मोजणी 21 डिसेंबरला ठेवायला सांगितली. एका रात्रीसाठी बांधलेली व्यवस्था अठरा दिवस जास्त चालवावी लागली : सुरक्षा कक्ष, कॅमेरे, जनरेटर, चोवीस तास पहारा, उमेदवारांच्या प्रतिनिधींसाठी मंडप.

धडा करारनाम्याचा आहे. मांडव, कॅमेरे, जनरेटर यांचा दर "प्रतिदिन" एवढाच लिहिला असेल तर मुक्काम वाढला की रक्कम सरळ अठरापट वाढते. निविदेतच दोन दर मागावेत, पहिल्या तीन दिवसांचा आणि चौथ्या दिवसापासूनचा. कॅमेरा एकदा बसवला की पुढच्या दिवसांचा खर्च देखभालीपुरताच असतो, ठेकेदारही ते मान्य करतात. फक्त आधी विचारायला हवं.

उत्तर : तसलमात_विश्रामबाग

बिलं तपासायच्या प्रश्नावर लिहितो, कारण गडबड तिथेच जास्त होते.

निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना किरकोळ खर्चासाठी तसलमात (आगाऊ उचल) दिली जाते. ते अधिकारी महापालिकेचे नसतात, निकालानंतर आपापल्या मूळ जागी जातात. तसलमातीचं समायोजन (खर्चाचा हिशेब देऊन उचल मिटवणं) महिनाभरात झालं नाही की प्रमाणकं (खर्चाच्या पावत्या) शोधत फिरावं लागतं, आणि लेखापरीक्षणात ती रक्कम "वसूलपात्र" म्हणून वर्षानुवर्षं पडून राहते. म्हणून पहिला कागद मागायचा तो तसलमात नोंदवहीचा उतारा : कुणाला, किती, कधी दिली आणि समायोजन कधी झालं.

दुसरा कागद मांडव आणि वीजकामाचं मोजमाप पुस्तक. मांडव चौरस फुटावर असतो आणि मतदानानंतर दोन दिवसांत उतरतो. मोजमाप त्या दोन दिवसांत, जागेवर, फोटोसह झालं नसेल तर बिल ठेकेदाराच्या आकड्यावरच निघतं. मोजमापाची तारीख मांडव उतरल्यानंतरची दिसली तर तिथे बोट ठेवा.

तिसरं म्हणजे वाहनांच्या लॉगबुक. सुरुवातीचं आणि शेवटचं किलोमीटर, आणि वापरणाऱ्या अधिकाऱ्याची सही. अधिग्रहणाचा आदेश ज्या तारखेचा आहे त्याआधीच्या दिवसांचं भाडं लावलेलं सापडतं.

चौथं जेवणाचं बिल. हजेरीपट 2,650 चा आणि ताटं 3,400 हा फरक सर्रास असतो. राखीव माणसं आणि पोलीस धरून थोडी वाढ रास्त आहे, पण तिचा लेखी हिशेब हवा.

पाचवं, कपाती. अडीच लाखांवरच्या करारावर 2 टक्के जीएसटी टीडीएस (देयकातूनच कापून घ्यायचा कर), आणि ठेकेदार व्यक्ती असेल तर 1 टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर 2 टक्के आयकर. घाईत तसलमातीतून रोख दिलेल्या बिलांवर ही कपात राहून जाते आणि नंतर दंड-व्याज महापालिकेच्या माथी येतं. एकच काम निविदा टाळण्यासाठी सहा कार्यालयांत सहा तुकडे करून दिलं का, हेही त्याच देयकांवरून कळतं : ठेकेदार तोच, दर तोच, तारखा लागोपाठ.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना लक्षात ठेवा, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांपर्यंत. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. "निवडणुकीचा एकूण खर्च कळवावा" असं लिहू नका, एका ओळीचं उत्तर येईल. असं लिहा : "महापालिका सार्वत्रिक निवडणूक 2026 साठी अदा केलेल्या देयकांची यादी, देयक क्रमांक, तारीख, पुरवठादार, कामाचे स्वरूप, मंजूर दर, परिमाण व रक्कम या रकान्यांसह द्यावी. तसेच सर्व निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना दिलेल्या तसलमातीचा व समायोजनाचा तक्ता द्यावा." मोजमाप पुस्तकं आणि लॉगबुकसाठी वेगळा अर्ज करून प्रत्यक्ष अवलोकन मागा. पहिल्या तासाला शुल्क नसतं, आणि हव्या त्या पानांचीच झेरॉक्स घेता येते. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील.

उत्तर : क्षेत्रीय_कुपवाड

एक खर्च कुठल्याच देयकात सापडणार नाही, तो इथे नोंदवून ठेवतो. जानेवारी ते मार्च हा घरपट्टी-पाणीपट्टी वसुलीचा हंगाम. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते म्हणून लोक मार्चअखेर पैसे भरतात, पण त्यासाठी लिपिक दारोदार फिरावा लागतो आणि जप्तीच्या नोटिसा वेळेत जाव्या लागतात. 15 डिसेंबरला आचारसंहिता लागली आणि वसुलीचे कर्मचारी याद्या, पथकं, साहित्य वाटप यांत अडकले. महिनाभर मागणी बिलं टेबलावर. वसुली दोन-चार टक्क्यांनी घसरली तर ती रक्कम वरच्या सगळ्या मांडव-बसच्या हिशेबाशी स्पर्धा करेल.

कृष्णाकाठ_सांगली

वसुलीच्या लोकांना यातून वगळता येत नाही का?

उत्तर : क्षेत्रीय_कुपवाड

येतं, पण वेळेत मागावं लागतं. कर्मचाऱ्यांची माहिती निवडणूक शाखेकडे जाते, त्यातून संगणकावर सरमिसळ (चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावांची निवड) होते आणि नियुक्त्या निघतात. पहिल्या सरमिसळीनंतर नाव काढणं फार अवघड, कारण प्रत्येक नावामागे पर्यायी माणूस द्यावा लागतो. म्हणून माहिती पाठवतानाच कर विभागाच्या प्रमुखाने प्रभागनिहाय किमान किती लिपिक लागतात ते लिहून, तेवढ्याच इतर विभागांतल्या कर्मचाऱ्यांची पर्यायी नावं जोडून, आयुक्तांच्या सहीने पत्र द्यायचं. नुसती "वगळावे" अशी विनंती परत येते. पर्यायी नावांची यादी सोबत असली की मान्य व्हायला अडचण येत नाही.